रेघेची जाडी

नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ
जमिनीवर चाळीस फूट रुंद असते.
एका दुपारी मी सहज गुणाकार करून पाहिला
आणि जेवणाचा डबा पुन्हा बंद करून ठेवला.

रेघेच्या पूर्वेला मार्लोचं पाणी, पश्चिमेला सेज फ्लॅटचं.
दोघांनीही लिहून दिलंय : रेघेपर्यंत.
रेघेत कोण, ते कुणी लिहिलेलं नाही.
रेघेत अकरा ट्रेलर आहेत,
एक पडकं सफरचंदांचं गोदाम,
आणि युलेलिया बारागान, जिच्या पिकअपमध्ये
निळी पिंपं दोरीनं आवळलेली असतात
रविवारीसुद्धा.

आराखडा पन्नास वर्षांचा आहे.
पन्नास वर्षांनी इथं एकोणीस हजार माणसं वाढतील,
असं कोष्टक क्रमांक सात म्हणतं.
ती अजून जन्मलेली नाहीत,
त्यांच्या आयाही काही जन्मलेल्या नाहीत,
तरी माणशी रोज एकशे दहा गॅलन
मी माझ्या हातानं त्यांच्या नावे राखून ठेवलेत.
चौदा टक्के गळती धरली आहे.
कुठंतरी पाणी मुरतंच, आम्ही त्याला रकाना दिला आहे.

हिशेबाच्या मुळाशी माझ्या बापाच्या वह्या.
आयनार रुडक्विस्ट, बोअरवेलवाला,
अक्षर असं की ड्रिलच्या हादऱ्यातच लिहिल्यासारखं.
'४ सप्टेंबर १९६८. चारशे बारा फूट. कोरडी.
बाईंना पैसे परत केले. घेईनात.
मधाची बाटली दिली.'
आणि पाणी लागलं की शब्दाखाली दोन रेघा,
इतक्या दाबून, की मागच्या पानावर उठल्यात.
त्याच्या रेघांनी कधी कुणाला वगळलं नाही.

बेसॉल्टखालचं ते पाणी दहा हजार वर्षांचं आहे.
प्रयोगशाळेनं वय पत्रानं कळवलं,
खाली 'आपला विश्वासू'.
मार्चमध्ये पोलादी टेपला खडू चोळून
मी त्याच्याच एका विहिरीत सोडली.
बापाच्या आकड्याशी आली, खडू कोरडा.
आणखी सोडली. कोरडा.
एकशे सत्तर फूट आणखी खाली गेल्यावर
टोकाला बोटभर ओल.
मी वहीत आकडा लिहिला.
खाली रेघ मारावीशी वाटली नाही.

काल अग्निशमन केंद्रात सभा झाली.
खुर्च्या मांडायला बंब बाहेर बर्फात काढला होता.
इमोजीन ट्वीट म्हणाल्या, रेघेचा प्रश्न तळटीपेत घेऊ.
मार्लोचा माणूस म्हणाला, पाइप नेऊ हो, पण पैसे कुणाचे?
सेज फ्लॅटचा माणूस घड्याळात पाहून हसला.
मग युलेलिया उठली,
भाषण करायला नव्हे. भिंतीजवळ गेली,
लोकरी हातमोजा न काढता बोट टेकवलं,
विचारलं, "माझं घर इथं ना?"
तिच्या बोटाखाली दोन्ही गावं झाकली गेली.

मोज्यावर बर्फ होतं.
बोट उचललं तेव्हा प्लॉटरची शाई फुटली होती,
आणि रेघ, सही व्हायच्या आधीची,
पूर्वेकडे पसरत
अकरा ट्रेलर ओलांडून मार्लोच्या हद्दीत
फिकट निळी होऊन थांबली.
"सॉरी," युलेलिया म्हणाली, मोजा पाठीमागे लपवत.

"नवी प्रत काढा," इमोजीन म्हणाल्या. "आत्ताच सह्या उरकू."
आमचा प्लॉटर मागच्याच खोलीत होता,
चालू, नवी शाई भरलेला, दिवा हिरवा.
मी म्हणाले, सोमवारशिवाय जमणार नाही.

आज शनिवार.
बापाची वही उघडी ठेवून बसले आहे
आणि सोमवारी काय सांगायचं
ते अजून सुचलेलं नाही.